थोरला ए, धाकटा ए

"बावन्न दिली होती मी. मोजून बावन्न," उस्ताद म्हणाला.

"सव्वीस आहेत," कलमसाहेब म्हणाले. "मीही मोजूनच सांगतोय."

"मग उरलेली सव्वीस वाटेत कुणीतरी खाल्ली."

"अक्षरं कोण खाणार, उस्ताद?"

"ते मला काय विचारता? मी शिंपी माणूस. कापड कमी भरलं की लोक शिंप्याचंच नाव घेतात, ती सवय आहे मला. पण तिथं निदान कात्रण तरी दाखवता येतं. इथं तर कात्रणसुद्धा शिल्लक नाही!"

सोमवारची सकाळ होती आणि आठवड्याची ही अशी बोहनी.

कारखाना छोटासाच. भरतकामाची मशीनं बनवणारा. कापड फ्रेममध्ये ताणून बसवायचं, पडद्यावर नाव टाइप करायचं, बटण दाबायचं, की सुई टकटक टकटक करत ते नाव कापडावर भरून देणार. मशीनचं अंग लोखंडाचं, डोकं कॉम्प्युटरचं. आणि त्या डोक्यात जी अक्षरं भरली होती, ती उस्तादाच्या हातची.

उस्तादानं तीस वर्षं शिंपीकाम केलं. शाळेशी त्याचं जमलं नाही, सुईशी मात्र असं जमलं की ती त्याच्या बोटांत आपणहून चालायची. दोन वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी त्याच्या हातचा एक उशीचा अभ्रा पाहिला आणि दुकानात येऊन म्हणाल्या, "तुमचा हात माझ्या मशीनला द्या." उस्तादानं दुकानाची किल्ली सोडली. आज त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. म्हणजे परत जायचं म्हटलं तरी जायला जागा नाही.

वर्षभर खपून त्यानं इंग्रजीची अक्षरं बसवली. टाका टाका मोजून. दर अक्षराची फाईल वेगळी. त्यात इंग्रजीची एक भानगड त्याला पहिल्यापासून खटकायची. "आपला क बघा," तो म्हणायचा, "जन्मतो तेवढाच मरतो. यांच्यात घरटी दोन भाऊ. थोरला ए, धाकटा ए. थोरला बी, धाकटा बी. वाटण्या झाल्यासारखे एकमेकांचं तोंड न बघणारे!" सव्वीस घरं, बावन्न भाऊ.

फायलींना नावंही त्यानं आपल्या मनानं दिली होती. थोरला आर एक पाय पुढे टाकून उभा, म्हणून त्याचं नाव 'लंगडा'. धाकटा बी 'ढेरपोट्या'. थोरला एच 'शिडी'. थोरला ओ 'भोपळा' आणि धाकटा ओ 'भोपळ्याचं पिल्लू'. ही दुकानातली खोड. एकाच नावाची चार गिऱ्हाइकं असायची. कापडाला नावाची चिठ्ठी लावली तर एकाची विजार दुसऱ्याच्या घरी जायची आणि मग दोघांच्या बायका दुकानात यायच्या. म्हणून उस्ताद चिठ्ठीवर नाव लिहायचाच नाही. 'टकला' लिहायचा, 'मिशीवाला' लिहायचा, 'सारखा खिसे मागणारा' लिहायचा. एकदा एका गिऱ्हाइकानं आपल्या पँटवरची 'घोरपड' ही चिठ्ठी स्वतःच वाचली, तेव्हा दुकान दोन दिवस बंद ठेवावं लागलं. पण तीस वर्षांत एकाची विजार दुसऱ्याला गेली नाही ती नाहीच.

मग तीन महिन्यांपूर्वी कलमसाहेब आले. व्यवस्थापक म्हणून. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, कुणाचं खायचा नाही. पण जिथं दोन माणसं बोलत उभी दिसली तिथं तो एक नियम करायचा. चार पानी नियमावली, तिला कलमं, आणि खिशाला तीन कलमं अडकवलेली. मग नाव काय पडणार? चष्मा नाकाच्या अगदी टोकावर. तिथं तो कसा टिकायचा हे कारखान्यातलं मोठं कोडं होतं.

'लंगडा' आणि 'ढेरपोट्या' पाहून कलमसाहेबांना घेरीच यायची बाकी राहिली. लगेच कलम सात लिहिलं: 'अक्षराच्या फाईलचं नाव म्हणजे ते अक्षर, दुसरं काही नाही. थोरलं अक्षर वेगळं, धाकटं अक्षर वेगळं. त्यामुळे गोंधळ होणे शक्य नाही.' उस्तादानं मुकाट बावन्न नावं बदलली. थोरला ए नुसता थोरला ए झाला, धाकटा ए नुसता धाकटा ए.

आणि पहिल्याच चाचणीत हे असं झालं. शुक्रवारी एक हॉटेलवाली बाई मशीन बघायला येणार होती. तिच्या हॉटेलचं नाव चाचणीसाठी भरलं, तर पहिलं अक्षर धाकटं! सगळंच धाकटं. थोरल्याचा पत्ताच नाही. कलमसाहेबांनी मशीनच्या डोक्यातली यादी उघडली, तर नावं सव्वीस आणि सगळी थोरल्यांची. एकेक फाईल उघडली, तर आत धाकट्यांची चित्रं.

"म्हणजे धाकटी अक्षरं तुम्ही दिलीच नाहीत," कलमसाहेब म्हणाले, "आणि थोरली म्हणून दिलीत ती चुकीची काढलीत."

"दिली नाहीत म्हणता, आणि तीच आत बसलीत म्हणता. एक काहीतरी ठरवा साहेब."

"मी काही ठरवत नाही. मालकीणबाईंच्या टेबलावर कागद ठेवलाय मी. तयार अक्षरांचा संच विकत मिळतो. शुक्रवारी जमलं नाही, तर सोमवारपासून तो."

"आणि मी?"

कलमसाहेबांनी चष्मा वर केला. तो लगेच खाली आला. "त्याचंही कलम आहे," ते म्हणाले. पण ते त्यांनी वाचून काही दाखवलं नाही.

उस्तादानं तो तयार संच पाहिला होता. गुळगुळीत अक्षरं, सगळी एका मापाची, न्हाव्याच्या खुर्चीतून नुकतीच उठल्यासारखी. त्यांना हात असा नव्हताच.  उस्ताद सरळ भाचीच्या टेबलाशी गेला.

भाची म्हणजे त्याच्या बहिणीची लेक. प्रोग्रामचं काम तिच्याकडे. सगळी अक्षरं, सगळी नक्षी, सगळा प्रोग्राम गोळा करून, बांधून, मशीनच्या डोक्यात पाठवायचा, हे तिच्या बिल्डचं काम. उस्ताद त्याला गाठोडं म्हणायचा.

"पोरी, तुझ्या गाठोड्याला भोक आहे."

"मामा, मी तीनदा बघितलं. माझ्याकडून बावन्न निघतात."

"आणि तिकडे सव्वीस पोचतात. मधे काय धरण आहे का?"

"एकही चूक दाखवत नाही हो बिल्ड. हिरवंगार येतं सगळं."

"हिरवंगार तर शेवाळही असतं. पाय ठेवल्यावर कळतं."

भाची हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. मामाची खुर्ची गेली तर आई तिला घरात घेणार नव्हती, ही गोष्ट वेगळीच.

मंगळवारी उस्तादानं शिंप्याची युक्ती केली. माप चुकतंय कुठं हे कळेना, की शिंपी टाके एकेक करून बघतो. तो भाचीला म्हणाला, "गाठोडं राहू दे बाजूला. एकेक अक्षर हातानं पाठवू. मोजत."

आता इथं त्या दोन मशीनची ओळख करून द्यायला हवी. उस्ताद ज्या कॉम्प्युटरवर अक्षरं काढायचा आणि भाची ज्यावर गाठोडं बांधायची, ती एका जातीची. भरतकामाच्या मशीनचं डोकं दुसऱ्या जातीचं. दोघांच्या आतला कारभार वेगळा. पण फायलींना टोपणनावं होती तोवर त्या वेगळेपणाशी उस्तादाचा संबंध आला नव्हता.

भाचीनं तारेवरून थोरला ए पाठवला. गेला. मग धाकटा ए पाठवला. तर मशीनच्या पडद्यावर पाटी आली: 'या नावाची फाईल इथं आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवू का?'

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आधीच आहे? कुठं आहे?" उस्ताद म्हणाला. "आत्ता तर थोरला पाठवला. हा धाकटा."

भाचीनं कपाळावर हात मारला. "मामा! अहो ह्या मशीनला थोरलं-धाकटं कळतच नाही!"

"म्हणजे?"

"आपलं मशीन नावातल्या अक्षराचा आकारसुद्धा बघतं. थोरला ए आणि धाकटा ए ही त्याला दोन नावं. ह्या मशीनला दोन्ही एकच नाव. वाचताना ए म्हणजे ए."

उस्तादानं दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला. "म्हणजे आपलं मशीन सासूबाई. पदर चार बोटं इकडेतिकडे झाला तरी दिसतो. आणि हे मशीन म्हणजे मावशी. कोण थोरला, कोण धाकटा, सगळी माझीच लेकरं, या रे, एका ताटात जेवा."

"एका ताटात नाही मामा, एकाच पाटावर! थोरला बसलेला असतो, मग धाकटा येतो, आणि मावशी थोरल्याला उठवून धाकट्याला बसवते."

"आणि नावाची पाटी कुणाची?"

भाचीनं 'हो' दाबून यादी दाखवली. नाव थोरल्या एचं. आत चित्र धाकट्याचं.

"घ्या!" उस्ताद मांडीवर थाप मारून म्हणाला. "दारावर पाटी थोरल्याची, घरात नांदतोय धाकटा! सासूबाईच्या यादीत मानाप्रमाणे थोरले आधी जातात, धाकटे मागून. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. पण मला सांग, मावशीनं आत्ता आपल्याला विचारलं. तुझ्या गाठोड्याच्या वेळी का नाही विचारत?"

भाची जरा खाली बघून म्हणाली, "विचारते. पण सारखं कोण उत्तर देणार, म्हणून मी बिल्डला सांगून ठेवलंय, काहीही विचारलं तरी हो म्हण."

"काहीही विचारलं तरी हो?"

"हो."

"तुझ्या गाठोड्याला कुणी लग्न ठरवायला बसवू नका," उस्ताद म्हणाला.

बुधवारी दोघं कलमसाहेबांकडे गेली. उस्तादानं सासूबाईपासून मावशीपर्यंत सगळं नीट सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "उस्ताद, तुम्हाला शिवण कळते. मशीनमध्ये मावशी नसते."

"साहेब, नावं बदलू द्या. थोरल्याच्या पुढे 'थोरला' लिहितो, धाकट्याच्या पुढे 'धाकटा'. दोन तासांचं काम."

"कलम सात मोडतं."

"पण कलम सातनंच तर..."

"थोरलं वेगळं, धाकटं वेगळं. जे वेगळं आहे ते वेगळं आहे. यात गोंधळ होणे शक्य नाही." हे वाक्य साहेबांना फार आवडायचं. बोलताना ते डोळे मिटायचे. "शिवाय कलम अकरा. गिऱ्हाईक यायच्या आधी तीन दिवस चालू बिल्डला हात लावायचा नाही."

"चालू बिल्ड चालतच नाहीये, सर!" भाची म्हणाली.

"तुमच्या मामांनी अक्षरं पूर्ण दिली की चालेल. आणि हो," साहेबांनी खुंटीवरचा आपला नवा निळा कोट काढून उस्तादापुढे ठेवला, "शुक्रवारी पहिला नमुना या कोटावर भरायचाय. डाव्या खिशावर. सिंहाचं तोंड. फाईलला नाव 'साहेब' द्या. इंग्रजीत, पहिलं अक्षर थोरलं. मी स्वतः तपासून सही करीन."

कोट हातात घेऊन उस्ताद उभा राहिला. त्यानं कोटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, साहेबांच्या नाकाच्या टोकावरच्या चष्म्याकडे पाहिलं. मग अगदी गरीब आवाजात म्हणाला, "साहेब, म्हणजे कलम सातप्रमाणे, थोरल्या एसचं 'साहेब' वेगळं आणि धाकट्या एसचं 'साहेब' वेगळं. बरोबर?"

"अर्थात."

"दोन्ही ठेवली तरी गोंधळ होणे शक्य नाही?"

"शक्यच नाही," साहेब डोळे मिटून म्हणाले.

"झालं मग," उस्ताद म्हणाला.

बाहेर आल्यावर भाचीनं त्याची बाही धरली. "मामा, तुमचा चेहरा असा का झालाय? आजीच्या कपाटाची किल्ली सापडल्यासारखा?"

"तू एक कर. चालू गाठोड्याला बोटसुद्धा लावू नकोस. कलम अकरा. पण शेजारी वेगळ्या फडताळात दुसरं गाठोडं बांधून ठेव. शहाणं. थोरल्याला थोरला म्हणणारं, धाकट्याला धाकटा म्हणणारं. फडताळाबद्दल कलम नाहीये, मी बघितलंय."

"आणि तुम्ही?"

"मी सिंह काढतो."

गुरुवारी उस्तादानं सिंह काढला. असा सिंह, की बघणाऱ्यानं दोन पावलं मागे सरावं. आयाळीचा केस न् केस वेगळा. कलमसाहेब सासूबाईच्या पडद्यासमोर उभे राहिले. फाईलचं नाव वाचलं, थोरल्या एसचं 'साहेब'. सिंह पाहिला. छाती जरा पुढे आली. खिशातलं मधलं पेन काढून कागदावर सही केली. "हात आहे तुमच्याकडे, उस्ताद," ते म्हणाले. "ते मी नाकारत नाही."

उस्तादाला एक क्षण वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मालकीणबाईंच्या टेबलावरचा तो कागद त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. साहेब गेल्यावर त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि दुसरी फाईल उघडली.

भाची पाणी प्यायला उठली ती मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर आधी दोन कान आले. मग लांबट तोंड. मग नाकाच्या टोकावर, अगदी टोकावर, एक चष्मा.

"मामा!" ती कुजबुजली. "नोकरी जाईल!"

"ती अशीही चाललीच आहे. जाताना हात हलवत जाण्यापेक्षा गाढवावर बसून जातो."

"आणि बाई काय म्हणतील?"

"पोरी, काल तोंडानं सांगून बघितलं ना आपण? गाढवापुढे वाचली गीता. आता गाढवालाच वाचू दे." त्यानं फाईलला नाव दिलं, 'साहेब', पहिलं अक्षर धाकटं. यादीत दोघं शेजारी शेजारी दिसत होती, अगदी सोज्ज्वळ. "बघ, नियमात बसतंय की नाही? थोरलं वेगळं, धाकटं वेगळं."

शुक्रवारी हॉटेलवाली बाई आली. आवाज दणदणीत, हातात तीन टॉवेल. आल्या आल्या तिनं आपलं दुखणं सांगितलं. "माझे पाहुणे टॉवेल पळवतात. साबण नेतात, हँगर नेतात, ते जाऊ दे. पण टॉवेल! महिन्याला शंभर जातात. म्हणून प्रत्येकावर हॉटेलचं नाव पाहिजे. ठसठशीत."

"होईल, होईल," मालकीणबाई म्हणाल्या. पण त्यांनी उस्तादाकडे एकदा चिंतेनं पाहिलं. टेबलावरचा कागद त्यांनी अजून उचलला नव्हता.

भाचीनं कलमसाहेबांच्या देखत चालू बिल्ड चालवलं. हिरवंगार आलं. साहेबांनी कोट फ्रेममध्ये स्वतः ताणून लावला, पडद्यावर 'साहेब' निवडलं आणि बटण दाबलं. मशीनवर नक्षीचं चित्र आधी दिसायची सोय होती, पण सही झालेल्या गोष्टीकडे पुन्हा बघायचं नाही, असं एक कलम होतं. बहुतेक चौदावं.

टकटक, टकटक. निळ्या कापडावर राखाडी दोरा चालायला लागला.

"सिंह येतोय," कलमसाहेब हॉटेलवालीला म्हणाले. "आमच्या कारखान्याचा सिंह."

पहिल्यांदा एक उभा पट्टा आला.

"ही आयाळ," साहेब म्हणाले.

मग शेजारी दुसरा उभा पट्टा आला.

"हीसुद्धा आयाळ."

"सरळ वर गेलीय," हॉटेलवाली म्हणाली.

"वाऱ्यानं," साहेब म्हणाले.

भाचीनं रुमाल तोंडात कोंबला. उस्ताद छताकडे बघत होता, छताला जाळी कुठं कुठं लागलीत ते मोजत होता. मग तोंड आलं. लांबलचक. आणि शेवटी सुई नाकाच्या टोकाशी गेली, बारीक बारीक टाक्यांनी तिनं दोन गोल काढले, मधे एक दांडी, आणि थांबली.

मालकीणबाई कोटाजवळ आल्या.

"उस्ताद," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय आहे?"

"गाढव आहे, बाई."

"ते दिसतंय मला."

"चष्मा पण आहे," हॉटेलवाली म्हणाली. तिनं कोटाकडे पाहिलं, मग कलमसाहेबांकडे पाहिलं, मग पुन्हा कोटाकडे पाहिलं, आणि अशी हसत सुटली की तिला खुर्ची द्यावी लागली.

"हा खोडसाळपणा आहे!" कलमसाहेब ओरडले. "मी सिंहावर सही केली होती!"

"केली होती, साहेब. सिंह तिथंच आहे," उस्ताद म्हणाला. मग तो मालकीणबाईंकडे वळला, आणि आता त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "बाई, खोडसाळपणा आहे, कबूल. मला काढायचं तर काढा. पण काढायच्या आधी दोन याद्या बघा. एवढं कराच."

मालकीणबाईंनी सासूबाईचा पडदा पाहिला. तिथं दोन 'साहेब', एक सिंह, एक गाढव. मग मशीनचा पडदा पाहिला. तिथं एकच 'साहेब'. नाव थोरल्या एसचं, उघडल्यावर गाढव.

"सिंह कुठं गेला?"

"मागून आलेल्या गाढवानं उठवला. या मशीनला थोरलं-धाकटं नाव एकच वाटतं, बाई. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. माझी सव्वीस थोरली अक्षरं अशीच गेली. मी बावन्न दिली होती."

  मालकीणबाईंनी भाचीकडे बघितलं. "यावर उपाय आहे?"

"फडताळात आहे, मॅडम," भाची म्हणाली आणि एकदम लाल झाली. "म्हणजे, तयार आहे. सर, चालू बिल्डला हात लावलेला नाही. वेगळं बांधलंय, अक्षरांच्या नावापुढे 'थोरला'-'धाकटा' लावून."

कलमसाहेबांनी तोंड उघडलं, मनातल्या मनात चारही पानं चाळली, आणि मिटलं.

भाचीनं नवं गाठोडं चालवलं. तर ते लाल झालं! उस्ताद घाईनं पुढे आला. पडद्यावर ओळ आली: 'या दोन फायली मशीनवर गेल्यावर एकाच नावाच्या होतील. आधी नाव बदला. तोपर्यंत काही पाठवणार नाही.' खाली दोन नावं. थोरला 'साहेब', धाकटा 'साहेब'.

"असंच पाहिजे," भाची खुशीत म्हणाली. "आता बांधायच्या आधी ते सगळी नावं मनातल्या मनात धाकट्या अक्षरांत लिहून बघतं. दोन सारखी आली की अडून बसतं. मामांनी सांगितलं, हो हो म्हणणाऱ्यापेक्षा अडून बसणारा बरा."

तिनं गाढवाच्या फाईलचं नाव बदलून 'गाढव' केलं. मग हिरवं आलं. मशीनच्या यादीत मोजली, अक्षरं बावन्न. थोरला ए वेगळ्या पाटावर, धाकटा ए वेगळ्या पाटावर. हॉटेलवालीचा टॉवेल फ्रेममध्ये गेला, टकटक झाली, आणि हॉटेलचं नाव आलं. पहिलं अक्षर उस्तादाचा 'लंगडा', एक पाय ऐटीत पुढे टाकून, मागे बाकीची धाकटी मंडळी हात धरून.

हॉटेलवालीनं त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "हे कुणी काढलंय? हाताचं वाटतं."

"हाताचंच आहे," मालकीणबाई म्हणाल्या. टेबलावरचा कागद त्यांनी उचलला, दोनदा दुमडला आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल हलायचं थांबलं.

"नाव छान आहे," हॉटेलवाली म्हणाली, "पण खरं सांगू का? नावानं चोर थांबायचा नाही. उलट आठवण म्हणून नेईल. मला ते गाढव पाहिजे. प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यात. आणि खाली लिहा, 'हा टॉवेल मी पळवला.' बघू कोण घरी नेऊन वाळत घालतो!"

आता सगळेच हसले. कलमसाहेब सोडून. ते फ्रेममधून कोट काढत होते, हळूहळू, एकेक कड सोडवत. मग त्यांनी नियमावली उघडली, खिशातलं पेन काढलं, आणि कलम सातमधलं 'गोंधळ होणे शक्य नाही' हे वाक्य एका सरळ रेघेनं खोडलं. त्या वाक्यावर त्यांचा किती जीव होता हे उस्तादाला माहीत होतं. तो जवळ गेला.

"साहेब, कोट द्या. उसवून देतो."

"किती टाके आहेत?"

"चार हजार. उसवलं तर भोकं राहतील थोडी, पण वर सिंह भरतो. झाकून जाईल."

"गाढवावर सिंह?"

"आत कोण आहे ते बाहेर कळणार नाही."

कलमसाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. ही चेष्टा आहे की माफी, ते त्यांना कळेना. खरं तर उस्तादालाही नक्की माहीत नव्हतं. साहेबांनी कोटाची घडी घातली, काखेत मारली आणि ते निघून गेले.

सोमवारी ते वेळेवर आले. अंगात तोच निळा कोट. डाव्या खिशाला तिन्ही पेनं बाहेरून शेजारी शेजारी अडकवलेली, गाढवाचं तोंड पुरतं झाकून. दोन कान मात्र दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होते.

उस्तादानं पाहिलं. भाचीनं पाहिलं. दोघं पटकन आपापल्या पडद्यात शिरली.

"काय झालं?" कलमसाहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब," उस्ताद पडद्याआडून म्हणाला. "आयाळ छान दिसतेय."